चुनाडबी नावाचं फोल्डर

माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. हा माझा जुना रोग, आणि बायकोच्या मते सोयीचा. वस्तू मात्र मी विसरत नाही. म्हणून मागच्या महिन्यात हिंगोलीतल्या माझ्या दुकानात एक तरुण मुलगी येऊन "मी सोनीबाईची मनीषा" म्हणाली, तेव्हा मी नुसतं हसून मान हलवली. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या माणसाकडे दिवसभर कुणाची ना कुणाची मनीषा येतच असते. मग तिनं पर्समधून पत्र्याची एक चपटी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि माउसवरचा माझा हात थांबला.

चुन्याची डबी होती. झाकणाचा हिरवा रंग निम्मा उडालेला, एका कडेला दातांनी उघडल्याच्या खुणा. ती न उचलताही मी सांगू शकलो असतो की हातात ती किती हलकी लागते, झाकण निघताना कसा टक आवाज होतो आणि कितीही घासली तरी आत चुन्याचा ओलसर वास कसा राहून जातो. या डबीत चुना नसायचाच. कापसात गुंडाळलेलं, नखाएवढं मेमरी कार्ड असायचं.

"वळखलं का, मामा?" मनीषानं विचारलं.

"डबी ओळखली," मी म्हणालो. "तू एवढीशी होतीस. माझ्या काउंटरखालच्या वायरी ओढायचीस."

ती हसली. तिची आई मला भाऊ म्हणायची, म्हणून मी मामा. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी विचारलं ते वेगळंच. "सोनीबाई कशा आहेत? बरोबर नाही आणलंस त्यांना?"

"याडी जाऊन सहा वर्सं झाले, मामा."

तांड्यावर आईला याडी म्हणतात. मी त्या डबीकडे बघत राहिलो. सहा वर्षं म्हणजे मधल्या काळात मी कितीतरी वेळा जवळा बाजारला, माझ्या जुन्या दुकानाच्या गावी, जाऊन आलो होतो, आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणी सांगावं तरी का? मी कोण, तर तिच्या कार्डात गाणी भरून देणारा.

मनीषाचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. आणि तिला हवं होतं ते असं. बंजारा तांड्यांवर लग्न झालेली मुलगी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते, पण ते नुसतं रडणं नसतं. त्याला चाल असते, शब्द असतात. त्याला ढावलो म्हणतात. लग्नाआधी थोरल्या बायका तो नवरीला शिकवतात, आणि सगळ्यांत आधी शिकवायची ती आईनं. मनीषा लहान असताना तिच्या मावशीचं लग्न झालं होतं. निघायच्या वेळेला मावशीला शब्दच आठवेनात. तेव्हा सोनीबाईनं बहिणीला मिठी मारून तिच्या वाटचा ढावलो स्वतः म्हटला. मोबाइलचं रेकॉर्डिंग तिनं आधीच सुरू करून कमरेला खोचून ठेवलं होतं. पुढे मोबाइल गेला, कार्ड गेलं. डबी राहिली.

"तांड्यावरच्या बाया शिकवून राहिल्यात मला," मनीषा म्हणाली. "पन याडीची चाल येगळी व्हती म्हंतात. कशी येगळी, ते कोनालाच सांगता येईना. मावशी म्हनली, ताई जवळ्याच्या दुकानात कार्ड भरून आनायची, त्या भाऊकडं आसंल तर आसंल." तिनं डबीचं झाकण उगाच उघडलं आणि परत लावलं. "मला तिच्यासारखं रडायचंय, मामा."

मी म्हणालो, बघतो, खात्री देत नाही. ती गेली, आणि त्या दिवशी मी एका माणसाच्या फॉर्ममध्ये जन्मगावाच्या जागी जवळा बाजार लिहिलं. तो बिचारा पुसेगावचा होता.

जवळा बाजारचं माझं दुकान म्हणजे बाजारपटांगणाच्या कडेची, थोरल्या भावाची एक खोली. दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती: येथे मेमरी कार्ड भरून मिळेल. हा 'भरून' शब्द लोकांनी अगदी मनावर घेतला होता. पोतं भरावं तसं ते कार्ड भरून मागत. "फुल्ल भरा, वर जागा ठेवू नका." बाजाराच्या दिवशी सकाळीच माणसं कार्ड आणून देत आणि बाजार करून जाताना घेऊन जात. कुणी उपरण्याच्या गाठीतून काढायचं, कुणी पाकिटातल्या फोटोमागून, कुणी बिडीच्या बंडलाच्या कागदातून. एका म्हाताऱ्यानं भरलेलं कार्ड तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केलं आणि म्हणाला, "भरलं म्हंता, पन वजन तर वाढलं न्हाई." त्याला मी तिथंच गाणं वाजवून दाखवलं, तेव्हा कुठं तो गेला.

त्या खोलीचा वास मला आजही येतो. बाहेरून सोयाबीनची धूळ आणि भज्यांचं तेल, आतून तापलेलं प्लास्टिक. कॉम्प्युटरचा डबा सतत घुंई करत असायचा. कार्ड लावलं की टुंग असा आवाज व्हायचा, आणि त्या टुंगला बाकावरची सगळी माणसं एकदम वर बघायची. अठ्ठ्याण्णव टक्के झालं की लाइट जायची. हा नियमच होता. मग बाकावरून एकच सुस्कारा उठायचा आणि कुणीतरी म्हणायचं, चला, तोवर चहा.

ऋतू मला बाहेर बघून कळत नसत, फर्माइशींवरून कळत. होळी जवळ आली की तांड्यांवरून माणसं लेंगीची गाणी मागायला येत, आणि ढोलकीच्या तालावर माझा जुना स्पीकर टेबलावरून सरकायचा. एप्रिल लागला की आमच्या वस्तीतून जयंतीची गाणी, ती तर मी न मागताही भरायचो. लग्नसराईत बँडवाल्यांची, श्रावणात भजनं. पोळ्याला एका गड्यानं बैलाच्या शिंगाला मोबाइल बांधून मिरवणूक काढली होती. बैलाला गाणं आवडलं की नाही कोण जाणे, पण गड्याला दुसऱ्या दिवशी नवीन मोबाइल शोधत फिरावं लागलं.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद यायची. तिकडे कुरुंद्याच्या बाजूला हळद शिजायला लागली की माणसांच्या अंगालाच तो वास यायचा, गरम, मातकट, थोडा कडवट. त्यांची नखं पिवळी, धोतराचे काठ पिवळे, दिलेली कार्डंही पिवळी. कुरुंद्याचे एक काका लेकीला भेटायला जवळ्याला यायचे आणि येताना माझ्याकडे कार्ड द्यायचे. एका बाजाराला त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "जरा साफ करून भरा हो."

आमच्या धंद्यात कार्ड साफ करणं म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. पोरं रोज तेच म्हणायची, साफ करून भरा. मी साफ केलं आणि भरलं.

संध्याकाळी काका आले, कार्ड मोबाइलमध्ये घातलं आणि बराच वेळ बटणं दाबत राहिले. मग म्हणाले, "आमच्या बाबाची हाळी कुटं गेली?"

त्यांचे वडील शेताच्या बांधावरून त्यांना जेवायला हाक मारायचे. कधीतरी सहज ती रेकॉर्ड झाली होती. बारा सेकंदांची. वडील वारल्यावर काका ती रोज एकदा ऐकायचे. मी म्हणालो, काका, तुम्हीच साफ करा म्हणालात. त्यांनी आपलं पिवळं बोट पुढं केलं आणि शांतपणे म्हणाले, "हळद लागली व्हती हो कार्डाला. पुसून घ्या म्हनलं मी."

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी त्या कॉम्प्युटरसकट आत जावं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ द्या. तुमाला काय म्हाईत. शब्द तर मीच बोललो." जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्यावर चार पिवळी बोटं उमटली. आणि नंतरही काका दर खेपेला येत राहिले, माझ्याकडेच गाणी भरत राहिले. तीच मला झालेली शिक्षा होती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कुणाचंही कार्ड आलं की भरण्याआधी त्यात असेल ते सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायचं. नावं लक्षात राहत नसल्यामुळे मी फोल्डरांना खुणांची नावं द्यायचो. लाल रुमाल. दोन पाटल्या. खोकला. हळदकाका. त्या काळच्या चायना मोबाइलांची बॅटरी काढली की तारीखही मागे जायची, त्यामुळे सगळ्यांच्या फायलींवर एकच जुनी तारीख असायची. तारखेचा भरवसा नव्हता. खुणांचा होता.

सोनीबाईची खूण अर्थातच डबी. इतर माणसं कार्ड देऊन बाजारात जायची, ही मात्र पोरगी कडेवर घेऊन काउंटरला टेकून उभी राहायची आणि सगळं काम डोळ्यांनी बघायची. कामावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. तिला बघायचंच असायचं. तेव्हा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फाइल जायला लागली की पडद्यावर एक छोटा कागद या फोल्डरातून त्या फोल्डरात उडत जायचा. पहिल्यांदा तो बघून सोनीबाईनं बोट दाखवलं.

"भाऊ, त्यो कागद उडून राहिला, त्यो माझा व्हय?"

"हो. तुमच्या कार्डातलं माझ्या कॉम्प्युटरात चाललंय."

"काहून? माझं तुमी काहून घेता?"

"घेत नाही हो. तुमचं तुमच्याकडंच राहणार. माझ्याकडं त्याच्यासारखंच दुसरं."

"आसं कसं? हिकडून उडालं म्हंजे हिकडचं सरलं." मग स्वतःच्याच हातातल्या डबीकडे बघून ती खुदकन हसली. "चुना लावू नका मला, भाऊ!"

मी झेरॉक्सचं उदाहरण दिलं. तिला ते पटेना. झेरॉक्स काळं-पांढरं येतं, गाणं तर रंगीत असतं, असं काहीतरी ती म्हणाली. मी थकून पडद्याकडे वळलो. कागद उडत होते, पोरगी वायर ओढत होती. आणि एकदम सोनीबाईचा चेहरा उजळला.

"म्हंजे इरजणासारखं म्हना की!"

"विरजण?"

"व्हय. शेजारनीला चमचाभर इरजण दिलं म्हनून आपलं दही काय सरत न्हाई. तिच्याकडं बी लागतं, आपल्याकडं बी ऱ्हातं. आन कधी आपलं नासलं, तर तिच्याच दारात जायाचं. म्हनायचं, बाई, माझंच मला दे."

कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये बॅकअप म्हणजे काय हे मला दोन पानं भरून शिकवलं होतं. परीक्षेत मी ते पाठ करून लिहिलंही होतं. पण कळलं मला त्या दुपारी, काउंटरपलीकडून. ज्या मोठ्या फोल्डरात मी सगळ्यांचं ठेवायचो त्याचं नाव 'जुनं' असं होतं. सोनीबाई गेल्यावर मी ते बदलून 'इरजण' केलं.

मग एका बाजाराला ती आली ती थोडी लाजतच. डबी उघडली, कार्ड दिलं आणि हळूच म्हणाली, "भाऊ, ह्याच्यात मी हाय."

बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. मी कौतुकानं फाइल उघडायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"आं! वाजवू नका."

"का? बघू तरी कसं गायलात."

"ते काय गानं हाय व्हय? कोन चाललंय हितून? कोनी जात नसताना ढावलो म्हनू नये. मंग खरंच कोनीतरी जातं." आणि पोरीला तिनं कडेवर जरा वर ओढून घेतलं. "त्याला हात लावू नका. बाकीचं पुसा, नवं भरा. ते तेवढं ऱ्हाऊ द्या."

मी तिच्यासमोर दुसरी गाणी पुसली, ती फाइल तशीच ठेवली. भरण्याआधी नेहमीप्रमाणे सगळं इरजणात उतरवलं होतं. उतरवलं होतं ना? आता इतक्या वर्षांनी तीच शंका मला खात होती. शिवाय डिस्क भरत आली की दिवाळीच्या सुमाराला मी जुनी फोल्डरं उडवायचो. कुणाची उडवली, कुणाची ठेवली, काही धरबंध नव्हता. पुढे सगळ्यांच्या मोबाइलमध्येच नेट आलं. गाणी वाऱ्यावरून यायला लागली आणि बाकावरची माणसं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी तर बाजाराच्या दिवशीही मी एकटाच बसून पंखा बघायचो. पाटी उतरवली तेव्हा माझ्या मनाला काही वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

मनीषा येऊन गेल्यावर पहिल्याच बाजाराला मी जवळ्याला गेलो. दादाच्या त्या खोलीत आता सोयाबीनची पोती असतात. भिंतीवर माझ्या टेबलाची रेघ अजून आहे, आणि स्विचबोर्डाजवळ पिवळट डाग. तो हळदीचा असावा असं मला उगाच वाटलं. कॉम्प्युटर कोपऱ्यात बारदानाखाली होता. दादानं तो भंगारात दिला नव्हता. "तुझं हाय म्हनून ठिवलं," एवढंच तो म्हणाला आणि वजनकाट्यावर निघून गेला.

मी निरोप दिला होता, म्हणून मनीषा आधीच येऊन उंबऱ्यावर बसली होती. जुन्या हार्ड डिस्कला आताच्या वायरी लागत नाहीत, त्यामुळे तोच डबा चालू होणं भाग होतं. दादाच्या घरचा टीव्ही पडदा म्हणून जोडला. बटण दाबलं. पंखा फिरला, धुळीचा लोट आला, आणि डब्यानं तीनदा कर्कश पीं केलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. पुन्हा पीं.

"गेलं का, मामा?"

मी डबा पुढं ओढला. झाकण उघडलं, आतली मेमरीची पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी कडेवर काळपट थर चढला होता. "खोडरबर आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं. तिनं शेजारच्या दुकानातून शाळेचा एक पांढरा खोडरबर आणला. मी ती कड हळूहळू घासायला लागलो. रबराचा भुगा पडत होता, खालून पिवळा धातू वर येत होता, आणि घासता घासता मला कुरुंद्याच्या काकांचं ते बोट दिसलं. साफ करा म्हणजे हे. एवढंच तर ते सांगत होते.

पट्टी परत बसवली. बटण दाबलं. डबा घुंई करायला लागला आणि पडद्यावर तो जुना, ढगांचा निळा रंग आला.

इरजण उघडलं. कितीतरी नावं होती. लाल रुमाल होता. खोकला होता. हळदकाका होतं, ते मी आधी उघडलं, वेड्या आशेनं; त्यात नंतर भरलेली गाणीच होती. ते बारा सेकंद कुठेच नाहीत, हे मला माहीत होतं. तरी बघितलं. मग खाली सरकत गेलो, आणि तिथं होतं, चुनाडबी.

"आसं नाव ठिवलं व्हतं याडीला?" मनीषा म्हणाली.

"नावं कुठं लक्षात राहतात माझ्या," मी म्हणालो. ती तोंडाला ओढणी लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

आत बरीच गाणी होती. शेवटी एकच फाइल वेगळी, मोबाइलनं स्वतः नंबर दिलेली. मी माउस त्यावर नेला आणि थांबलो. इतक्या वर्षांनीही मला त्या बाईची परवानगी लागत होती.

"वाजवू का?" मी विचारलं. "कुणी जात नसताना वाजवू नये म्हणायची ती."

मनीषानं डोळे पुसले. "वाजवा, मामा. आता मी चाललेच की."

आधी नुसती खसखस, कमरेच्या लुगड्याची. दूर कुठंतरी ताशा, बायकांचा गलका, एक कोंबडा. आणि मग अगदी जवळून, कानाशी यावा तसा, सोनीबाईचा आवाज. मी तिचं बोलणं ऐकलं होतं, हसणं ऐकलं होतं. हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या गोरमाटी बोलीतले शब्द मला कळत नव्हते. पण आवाज वर चढायचा, तिथं जरा अडायचा आणि मग उतरताना सावकाश, एकेका पायरीवर थांबल्यासारखा उतरायचा. मनीषाचे ओठ हलायला लागले होते. हीच ती वेगळी चाल असणार.

आणि मध्येच गाणं थांबलं. एक लहान पोर रडत होतं, बहुतेक सोनीबाईच्या पायाला बिलगून. ती वाकली असावी, कारण खसखस वाढली. मग ती साध्या आवाजात काहीतरी बोलली, एकच वाक्य, थोडं दटावून, थोडं हसून. पोर गप्प झालं. सोनीबाईनं श्वास घेतला आणि जिथं सोडलं होतं तिथून ढावलो पुन्हा उचलला.

मनीषा दोन्ही हातांत तोंड घालून रडत होती. मी थांबलो. तिचं तिला सावरू दिलं. मग विचारलं, "काय म्हणाली गं ती मधे?"

"मला म्हनली." तिला नीट बोलता येईना. "म्हनली, तू काहून रडतीस? तुला कुटं धाडून राहिले मी आजूक?"

बाहेर बाजार चालला होता. कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. आम्ही दोघं पोत्यांवर बसून होतो आणि मलाही रडू आलं, ते लपवायचं मी सोडून दिलं.

फाइल मी आधी माझ्या पेन ड्राइव्हवर घेतली. तो छोटा कागद उडायला लागला, या फोल्डरातून त्या फोल्डरात. मनीषा वाकून बघत होती, अगदी आईसारखी. "हिकडचं सरलं न्हाई ना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही गं. विरजण आहे." तिला तो शब्द का, ते ठाऊक नव्हतं. मग मी तिला ती सगळी दुपार सांगितली, चुना लावू नका इथपासून. तिनं आणलेल्या नव्या कार्डावरही फाइल उतरवून दिली. निघताना तिनं ते कार्ड डबीत ठेवलं आणि म्हणाली, "एक तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, मामा. कायमचं."

लग्नाला मी बायकोला घेऊन गेलो. तांड्यावर पाहुण्यांची दाटी, मसालेभाताचा वास, डीजेचा धिंगाणा. निघायची वेळ आली तेव्हा तो डीजे कुणीतरी बंद केला आणि बायका गोळा झाल्या. मनीषा मावशीच्या गळ्यात पडली आणि तिनं ढावलो सुरू केला. आवाज वर चढला, जरा अडला, सावकाश उतरला. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं पदर डोळ्याला लावून काहीतरी पुटपुटलं, त्यात सोनीबाईचं नाव मला ऐकू आलं.

एकेकाला मिठी मारत ती माझ्यापर्यंत आली. मी जरा मागे सरकलो, कारण ही जागा सख्ख्यांची. पण तिनं मला सोडलं नाही. गळ्यात पडली आणि गायला लागली, आणि मध्येच, एका ओळीच्या अर्ध्यात, थांबली.

मला वाटलं शब्द विसरली. मावशीही पुढे झाली, आठवण करून द्यायला. पण मनीषा विसरली नव्हती. डोळे मिटून ती थांबली होती, एक वाक्य बोलून होईल एवढा वेळ. आईकडून जसं मिळालं तसं तिनं घेतलं होतं, त्यातलं काहीच गाळलं नव्हतं. सगळा तांडा गप्प उभा होता आणि तिथं काय आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्या रिकाम्या जागेत मी मनातल्या मनात म्हणालो, तू काहून रडतीस?

मग तिनं श्वास घेतला आणि जिथं सोडलं होतं तिथून ढावलो पुन्हा उचलला.